तासाभराचा कापूस

अक्कलदाढ काढून शुभदाताई घरी आल्या तेव्हा ओठ सुजून बधिर झाले होते. दातांखाली धरलेला कापसाचा बोळा तासाभराने काढा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"आई, काय म्हणतेस?" केतकीने अडखळत विचारलं. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आईचे ओठ वाचूनच तिला कळायचं, पण आज काही अर्थ लागेना. हातवारे शुभदाताईंनी तिला घरात कधी करू दिले नव्हते. "तोंडाने बोल," हाच वीस वर्षांचा धोशा. आता नाइलाजाने त्यांनीच गालाजवळ मुठीची उघडझाप केली. दुखतंय.

केतकी हसली. आईची बोटं धरून तिने कॉलेजात मैत्रिणींकडून शिकलेली खूण नीट करून दिली आणि मग स्वतःच हातांनी बोलत सुटली. घरात दोन शब्दांत आटपणाऱ्या पोरीच्या बोटांतून मैत्रिणी कचाकचा भांडल्या, चिडलेल्या सरांचा चष्मा नाकावरून घसरला, कॉलेजचा अख्खा जिना धडधडत खाली आला. शुभदाताई श्वास रोखून बघत होत्या. एवढी बडबडी मुलगी आपल्याच घरात राहत होती?

तास केव्हाच उलटला होता. आता बोळा थुंकून बोलायला हरकत नव्हती. शुभदाताईंनी तो आणखी घट्ट दाबून धरला आणि हातानेच विचारलं, मग पुढे?