आप्पांची बेडकी

"आधी डावा हात दे," डॉक्टर देविका म्हणाल्या. वर्षाराणीने कोपर वाकवून हात पुढे केला. डॉक्टरांनी कोपराच्या खळगीत बाजूने बोट घातलं. आत ताणलेली दोरी असावी तसं काहीतरी लागलं आणि बोट तिच्यात अडकलं. "आता उजवा." उजव्या खळगीतही बोट गेलं. पण तिथं ते कशातच अडकलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा चाचपलं. 

सोमवारी लातूरच्या जिममध्ये हे घडलं होतं. एकशे चाळीस किलोचा बार गुडघ्यापर्यंत आला आणि कोपरात फट्‌ असा आवाज झाला, ओलं कापड फाटावं तसा. बार खाली आदळला. "हात घसरला," ती म्हणाली आणि घरी निघून गेली. तेव्हापासून ती पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरत होती. रविवारी नांदेडला वजन उचलण्याची राज्य स्पर्धा होती, आणि दोन वर्षं ती याच रविवारची वाट बघत होती. भीती फारच वाटली की ती आरशापुढे उभी राहायची. उजव्या दंडातली बेडकी वर चढून टम्म फुगली होती. अगदी आप्पांसारखी. ती बघून तिला जरा धीर यायचा. आज गुरुवारी जिमचे प्रशिक्षक रविकिरण सरांना बाहीखालचा काळानिळा हात दिसला आणि त्यांनी थेट तिच्या वडिलांना फोन लावला.

तिचे वडील रामलिंगआप्पा. शिरूर अनंतपाळकडच्या त्यांच्या गावात त्यांची बेडकी बघायला लोक पोरंबाळं घेऊन यायचे. मारुतीच्या पारापुढचा जड दगडी गोटा आप्पांनी जत्रेत खांद्यावर घेतला, तेव्हा वर्षाराणीचा जन्मही झाला नव्हता. तेव्हापासून आप्पांची बेडकी कधी उतरली नाही. हात सैल सोडला तरी ती आपली दंडात ऐटीत बसलेली. लग्नाकार्यात नवरदेव राहायचा बाजूला, लोक आप्पांचा दंड दाबून बघायचे. पुढच्या वर्षी लोकांनी पुन्हा गोट्याकडे नेलं, तर आप्पा म्हणाले, "देवाचा गोटा जन्मात एकदाच उचलायचा असतो." गावाने तो नेमच करून टाकला. आता गावातली तरणी पोरं एकदा गोटा उचलतात आणि मारुतीला हात जोडून मोकळी होतात.

बार कसा धरायचा हेही आप्पांनीच शिकवलं होतं. एक तळहात पुढे, एक मागे, म्हणजे वजन सुटत नाही. रविकिरण सर कानीकपाळी ओरडायचे, दोन्ही तळहात आपल्याकडे ठेव, कोपर वाकवू नकोस. पण सरांच्या दंडात तशी बेडकी नव्हती. मग त्यांचं कोण ऐकणार?

"स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी तुटलीय," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून स्नायू वर गोळा झालाय. उद्याच ऑपरेशन करून जोडू. उशीर झाला की ती आखडते, मग जोडणं अवघड. नंतर दीडेक महिना पट्टा, हळूहळू व्यायाम. जड वजन सहा महिन्यांनी, तेसुद्धा मी सांगितल्यावर."

"आणि न्हाई केलं तर?"

"जेवशील, लिहिशील. पण तळहात वर वळवायचा जोर जाईल. बार विसर."

 वर्षाराणीला चाकूची भीती होती, त्याहून त्या सहा महिन्यांची. "मॅडम, घट्ट पट्टी बांधून द्या. एवढा रविवार जाऊ द्या," ती काकुळतीला आली. "आमच्या आप्पांची बेडकी अशीच हाय. बावीस वर्सं झाली. त्यांना कुठं काय झालं?"

डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. आल्यापासून आप्पा तिथंच बसून होते. त्यांनी हळूच उजवा हात खांद्यावरच्या टॉवेलाखाली घेतला. हात झाकणारे आप्पा वर्षाराणीने जन्मात पाहिले नव्हते. 

"काका, जरा हात दाखवता?" डॉक्टरांचं बोट आप्पांच्या कोपरातूनही मोकळं फिरलं. मग हात मिळवल्यासारखा त्यांनी आप्पांचा पंजा धरला. "तळहात वर वळवा. मी अडवते." आप्पांनी दात आवळून जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. तळहात जागचा हलला नाही.

वर्षाराणीला शेतातली मोटर आठवली. नट आवळायला आप्पा कायम डावा हात लावायचे. विचारलं की म्हणायचे, उजवा देवाच्या कामाचा हाय.

"पण आप्पा, तुम्ही तर गोटा खांद्यावर घेतला व्हता," ती म्हणाली. "सगळ्या गावानं बघितलं."

"घेतला की. घेतानाच फट्‌ वाजलं. हलगीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं न्हाई." आप्पा जमिनीकडे बघत होते. "लोक बेडकी बघून नाचाया लागले. म्या काय सांगनार?"

"मग एकदाच उचलायचा नेम?"

"नेम न्हाई न्‌ काय न्हाई. दुसऱ्या वर्सी गोट्याम्होरं उभं केलं, तवा लई भ्यालो. तोंडाला आलं ते बोललो."

 आप्पा उठले. त्यांनी डाव्या हाताने लेकीचा सुजलेला हात अलगद उचलून डॉक्टरांपुढे धरला.

"उद्याच करा, डॉक्टरीणबाई. हिला दुसऱ्यांदा उचलायचं हाय."