मिरच्या करपताहेत

आमच्या बल्गेरियात घराची झडती घ्यायची तर साक्षीदार समोर लागतात. खाणीविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या यावोरकडे पोलीस आले तेव्हा त्यानंच सांगितलं, “समोरच्या दोचकामावशींना बोलवा. त्या खोटं बोलणार नाहीत.” दुसरा साक्षीदार पोलिसांनी सोबतच आणला होता. यावोरला त्यांनी स्वयंपाकघरात बसवून ठेवलं. बाल्कनीत त्यानं हिवाळ्याच्या बेगमीसाठी ढोबळ्या मिरच्या भाजायला ठेवल्या होत्या. कपाट उघडता उघडता साहेब मला म्हणाला, “मावशी, मिरच्या करपताहेत, बघा जरा.” मी धावत जाऊन मिरच्या उतरवल्या. परत आले तर टेबलावर काडतुसांची डबी होती. “कपाटात मिळाली, तुमच्यादेखत,” म्हणत त्यानं कागद पुढे केला. “मी तर बाल्कनीत होते,” मी म्हटलं. “बाल्कनी काय दुसऱ्या गावात आहे? करा सही.” कम्युनिस्ट पक्षाचं राज्य होतं तेव्हापासून पुढे येईल त्या कागदावर सही करत आले, हात आपोआप चालला. आज कोर्टात मला बघून यावोर कितीतरी दिवसांनी हसला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, “डबी कपाटातून निघताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत?” आता सहीच्या उलट कसं बोलायचं? “पाहिली,” मी म्हणाले. यावोर माझ्याकडे बघतच राहिला. त्या दिवशी मिरच्या वाया जाऊ नयेत म्हणून मी त्या घरी आणल्या होत्या. सात बरण्या भरल्या. सोलताना तेव्हाच लक्षात आलं होतं, एकही करपली नव्हती.