वजन शून्य

तेजल खराडे मेसच्या बाकावर टेकली, तसं बाकाने तिला तोललं आणि समोरच्या नळीतून ताटात अर्धी भाकरी अन् वाटीभर दुधीचं सूप पडलं.

"वजन ब्याऐंशी किलो. तुमच्यासाठी एवढंच," यंत्र गोड आवाजात म्हणालं.

"अरे, उद्या गोळाफेकीची फायनल आहे माझी! दुधी पिऊन फेकू?"

पण यंत्राला गोळा ठाऊक नव्हता, फक्त वजन कळायचं. शेजारच्या बाकावर काडीसारखी नसीम तिसऱ्यांदा पडलेल्या भाताकडे बघत रडकुंडीला आली होती. ताट संपवल्याशिवाय तिला उठायची परवानगी नव्हती.

तेजलचं डोकं सणकलं. ताट उचलून ती सरळ खाली फरशीवर मांडी घालून बसली.

तिचा रिकामा बाक किंचाळला, "तेजल खराडे, वजन शून्य! जिवाला धोका!" आणि नळीतून धडाधड भाकऱ्या पडू लागल्या, मागोमाग उसळ, दही, लोण्याचा गोळा.

नसीम खुदकन हसली आणि तीही खाली उतरली. मग एकेक करत सगळी मेस खाली आली, समोरासमोर पंगती बसल्या. नसीमचा भात तेजलकडे गेला, तेजलचं दही नसीमकडे.

रेक्टर सबनीस मॅडम धावत आल्या. "बाकावर बसा आधी! कुणाचंच वजन कळत नाहीये!"

"आम्हाला भूक कळतेय, मॅडम."

"आणखी वाढू का?" यंत्राने काकुळतीने विचारलं.

मॅडमच्या डोळ्याला डोळा भिडवून तेजलने ताट पुढे केलं.

"वाढ."