कपिलेचा काय दोष

"पुन्हा सांगा मॅडम, आमच्या कपिलेची अंडी कशी निघाली?" पोपटरावांनी तिसऱ्यांदा विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण ते पुन्हा ऐकायचं होतं.

"उत्तम," जनावरांच्या डॉक्टर अनिता मॅडम म्हणाल्या. "काढतो तेव्हा अंडी कच्चीच असतात; मागच्या खेपेला ती लॅबमध्ये नीट पिकली नाहीत. मग तुम्ही खुराक सुधारलात, आम्ही पिकवायचं द्रावण बदललं. या खेपेला जवळजवळ सगळी पिकली."

पोपटरावांनी कपिलेच्या पाठीवरून हात फिरवला. या गीर गाईचे लाड बघून त्यांच्या सुनेला, सुलक्षणाला, उबग आला होता. कपिलेला पंखा, कपिलेला सरकी पेंड, वर गुळाचा खडा. तिच्यासमोर कुणी आवाज चढवायचा नाही, जनावरानं धसका घेतला तर अंडी बिघडतात, असा हुकूम होता. त्याच गोठ्यात, त्याच तोंडाने, सासरे सुनेला वांझ म्हणत.

आज सकाळीही म्हणाले होते. तिला कायमची माहेरी न्यायला तिचा भाऊ सत्यजीत पाबळहून जीप घेऊन आला होता. चोरी पकडल्यासारखा तो गोठ्याच्या दाराशी मान खाली घालून उभा होता. तिची बॅग त्याच्या पायाशी होती. आणि दुपारी यवतची माणसं तिच्या नवऱ्यासाठी, इंद्रजीतसाठी, सोयरीक घेऊन यायची होती. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी माणसाला, ती इथे औषधालाही नव्हती.

खरं तर सुलक्षणाची अंडीही पुण्याच्या दवाखान्यात अशीच कच्ची काढून काचेच्या बशीत पिकवली होती. झकास पिकली. तिथेच गोठवून ठेवली होती. घोडं अडलं होतं ते इंद्रजीतपाशी. नवऱ्याने तपासणीसाठी फक्त एक डबी भरून द्यायची होती. दोनदा तो दवाखान्याच्या पायरीवरून मागे फिरला. "मला असल्याची किळस येते," म्हणाला. किळस म्हणे! हाच माणूस गाय भरवताना तिच्या आत खांद्यापर्यंत हात घालतो, वळूच्या वीर्याची कांडी खुशाल दातांत धरतो. घरी येऊन त्याने सांगितलं, हिचीच अंडी कच्ची. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून सुलक्षणा गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचीच आता तिला सगळ्यात जास्त शिसारी येत होती.

"मग वासरं किती होतील?" पोपटरावांनी विचारलं.

"एकही नाही. तुम्ही दिलेल्या वीर्याच्या कांड्या तपासल्या, त्यात जीवच नव्हता. पिकलेली अंडी वाया गेली."

गव्हाणीपाशी उभ्या इंद्रजीतने तोंड फिरवलं. कांड्या त्याच्याच ताब्यात होत्या. त्या गोठवून ठेवायच्या टाकीतला नायट्रोजन संपत आला तरी त्याने भरला नव्हता.

पोपटराव उखडले. "म्हंजी आमच्या कपिलेवर उगं आळ! तिचा काय दोष? गाय सोन्यावानी आन् गाभ ऱ्हात न्हाई, तर वळूत खोट. वळू बदला. त्यात इचार कसला करायचा?"

इंद्रजीत पायाने शेण सारत राहिला. सुलक्षणाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि बॅग उचलली. सत्यजीत ती घ्यायला पुढे आला, पण तिने दिली नाही.

"आबा, माझीबी अंडी चांगली पिकली हायती. पुण्याला ठिवली हायती. तपासायचे ऱ्हायले ते ह्ये. दोनदा पळून आले."

पोपटरावांचा हात कपिलेच्या पाठीवरच थांबला.

"तुम्ही आत्ता न्याय दिला, त्यो मला मान्य हाय," सुलक्षणा म्हणाली. "वळू बदलते."