कचरापेटीत अडकलेली फाइल

साडेदहाला कुलूपकाका आणि काकू वाचाउपचाराच्या छोट्या खोलीत आले, तेव्हा उपचार करणाऱ्या मॅडमचा धाकटा दीर कॉम्प्युटरसमोर बाह्या सरसावून बसला होता आणि मॅडम त्याच्या मागे घड्याळाकडे बघत उभ्या होत्या.

कॉम्प्युटरमधली जागा संपली होती. पंधरा मिनिटांचं एक रेकॉर्डिंगही मावेना. जागा अडवून बसली होती ती एकच अवजड फाइल. नवी सिस्टिम बसवायची म्हणून सहा महिन्यांपूर्वी उतरवून घेतलेली आणि कधीच न वापरलेली. मॅडमनी ती कचरापेटीत टाकली होती, पण पेटी रिकामी करायला गेलं की कॉम्प्युटर म्हणे, ही फाइल कुलूपबंद आहे, काढता येणार नाही.

पेशंटची जुनी रेकॉर्डिंगं पुसायची नाहीत, हा रुग्णालयाचा नियम. त्यांचा आवाज स्वतःच्या मोबाइलवर घ्यायचा नाही, हा दुसरा. आणि काकांचं आजचं रेकॉर्डिंग बाराच्या आत मोठ्या डॉक्टरांकडे पोचायला हवं होतं. ते ऐकून उपचार पुढे चालू ठेवायचे की थांबवायचे, ते ठरणार होतं. मेंदूला झटका बसून चार महिने झाले होते. काकांना सगळं समजत होतं, पण तोंडून एक धड शब्द निघत नव्हता. चाळीस वर्षं बाजारात बसून, गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता कुलपं दुरुस्त करणारा माणूस.

मॅडमनी जरा थांबायला सांगितलं. काकू नेहमीप्रमाणे दोघांच्या वतीने म्हणाल्या की थांबतो, आम्हाला कुठे जायचंय. काका मात्र खुर्चीत बसले नाहीत. काठी टेकत ते सरळ दिराच्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले.

दिराचे साधे उपाय करून झाले होते. कॉम्प्युटर बंद करून चालू केला होता, फाइलच्या माहितीत जाऊन कुलपाची खूण काढली होती, पासवर्ड घालून हुकूमही सोडले होते. दर वेळी तेच उत्तर. आता शेवटचा मार्ग उरला होता. यंत्र पुन्हा सुरू होताना ठरावीक बटणं दाबून धरायची, दुरुस्तीच्या दालनात शिरायचं, तिथून सिस्टिमचं संरक्षण काढायचं, मग पेटी रिकामी करायची आणि संरक्षण परत लावायचं. चुकलं तर काय, असं मॅडमनी विचारलं. दीर म्हणाला, वहिनी, ते मला आत्ता विचारू नका.

त्याने बटणं दाबून धरली. पडदा काळा झाला. काका आणखी पुढे वाकले. त्यांचा उजवा हात लुळा होता, पण डाव्याची दोन बोटं हवेत बारीक बारीक फिरत होती.

दिराच्या ते लक्षात आलं. एवढ्या आस्थेने आपलं काम बघणारं माणूस त्याला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. तो सांगू लागला की फाइलमध्ये बिघाड काहीच नाही. ती सिस्टिमच्या घरची आहे, एवढंच. तिच्यावर सिस्टिमची मोहोर आहे, म्हणून कचऱ्यात पडली तरी सिस्टिम तिला जपते. मालकालासुद्धा हात लावू देत नाही.

काळ्या पडद्यावर पांढरी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

"का?"

काकू पिशवीत रुमाल शोधत होत्या, त्यांचा हात पिशवीतच राहिला. दीर वळला आणि अगदी सहज उत्तर द्यायला लागला, तोच मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आपण बोललो, हे काकांना स्वतःला कळल्यासारखं दिसलं नाही. ते पट्टीकडेच बघत होते, उत्तराची वाट बघत.

"सांगा त्यांना," मॅडम हळूच म्हणाल्या. "नीट सांगा."

मग दिराने नीट सांगितलं. कुणी चुकून किंवा मुद्दाम मोडतोड करू नये म्हणून ही सोय, पण कधी कधी ती नको तिथेही अडून बसते. काकांनी मान हलवली. अशी कुलपं त्यांनी बघितलेली असावीत.

सव्वाअकराला पेटी रिकामी झाली. दिराने संरक्षण परत लावलं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि उठून मॅडमना खुर्ची दिली. मॅडमनी माइक काकांसमोर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि चित्रांची कार्डं एकेक करून दाखवली. कप. काकांनी कपाकडे बघितलं, ओठ हलवले. काही नाही. छत्री. काही नाही. काकूंचे ओठ मात्र प्रत्येक कार्डाला हलत होते.

मॅडमनी कार्डांचा गठ्ठा उपडा ठेवला. रेकॉर्डिंगमध्ये काय काय असावं याची एक यादी होती, तीही बाजूला सारली. मग खुर्ची पुढे ओढून, खरंच माहीत नसलेली गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं,

"काका, किल्ली हरवलेली असते आणि कुलूप मोडायचंही नसतं. तेव्हा तुम्ही ते कसं उघडता?"

काकांचा डावा हात वर आला. जणू हातात कुलूप आहे, अशी बोटं वळली. त्यांनी ती मूठ कानाशी नेली आणि डोळे मिटले.

"ऐ," ते म्हणाले.

शब्द पुरा करायला काकू पुढे सरसावल्या. मॅडमनी त्यांचा हात हातात घेऊन त्यांना धरून ठेवलं.

"ऐकून."