उजेड खाल्लेला ड्रम

अरेरा कॉलनीतल्या आपल्या छपाईच्या दुकानात विश्वासरावांनी रंगीत लेझर प्रिंटरचा ड्रम बाहेर काढला आणि चरे दिसावेत म्हणून भर दुपारी खिडकीशी धरला. तेवढ्यात त्यांची मुलगी अबोली त्या चकचकीत हिरव्या नळकांड्यात बघून हसत हसत टिकली नीट करू लागली.

"अगं, आरसा आहे का तो? उजेड खातो ड्रम. आधी काळ्या कागदात गुंडाळ!"

"खाऊ द्या की, बाबा. माझं तोंड काय कडू आहे?"

मग ड्रम परत बसवून त्यांनी तिच्या आणि समीरच्या लग्नाच्या पत्रिका छापायला लावल्या. पहिल्याच कागदावर अक्षरांमागे पुसट चेहरा उमटला. ड्रमच्या प्रत्येक फेऱ्याला, दर नऊ सेंटीमीटरवर पुन्हा तोच. अबोलीचा.

उजेड लागलेला ड्रम डाग देतो, हे विश्वासरावांना वीस वर्षं ठाऊक होतं. पण अबोली तर हसत होती, आणि कागदावरच्या चेहऱ्याचे डोळे मिटलेले होते.

त्यांनी नव्या ड्रमचं सील फोडलं आणि तो बसवला. आता चेहरा ठळक आला. कपाळभर कुंकवाचा मळवट आणि दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे.

विश्वासरावांनी कागद मुठीत चुरगळला.

"झाल्या का पत्रिका?" अबोली दारातून आत आली. "समीर मंडीदीपहून निघालाय न्यायला. पंखा जरा वाढवा ना, बाबा. मघापासून नाक गच्च झालंय, श्वासच घेता येत नाहीये."