तेवढंच

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट एवढीशी आहे, बोटाच्या पेरात मावेल इतकी. पण ऐकून उठताना आपलंच बोट एकदा निरखून पाहाल, एवढी हमी देतो.

पांढऱ्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन भाऊ बसले होते. दोघेही घड्याळजी. दुकान एकच, पण अकरा महिन्यांपासून त्यात मधोमध एक फळी उभी होती, आणि उद्या सकाळी दहाला गवंडी येऊन फळीच्या जागी विटांची भिंत घालणार होता. आता उभ्या जन्मात एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, असं दोघांनी ठरवलेलं. आणि भाचीनं आपल्या प्रयोगशाळेत नेमकं समोरासमोर आणून बसवलं!

"ही काय थट्टा आहे?" थोरला कडाडला.

"थट्टा नाही, मोठेमामा. स्पर्श आणि हालचाल यांचा हिशेब मेंदू कसा ठेवतो, ते आम्ही इथं मोजतो. आमच्याकडची मुलं दार ढकलल्यासारखी दाबतात. मला घड्याळातली केसाएवढी कमान सरळ करणारी बोटं हवी होती."

"मग हा कशाला?"

"समोर कोण बसणार, ते तुम्ही विचारलंच नाहीत."

टेबलावर एक छोटी पट्टी होती, तराजूच्या दांडीसारखी. एकानं बोट तिच्याखाली ठेवायचं, दुसऱ्यानं बोटानं वरून दाबायचं. मग पाळी उलटी. जोर किती पडला ते भाचीच्या पडद्यावर उमटणार. "नियम एकच," ती म्हणाली. "बोटाला जेवढं जाणवेल, तेवढंच समोरच्याला परत द्यायचं. कमी नाही, जास्त नाही. तेवढंच."

थोरल्याला हसूच आलं. ही मला शिकवतेय! अकरा महिने तो भेटेल त्याला हेच सांगत आला होता : धाकटा बोलला तेवढंच मी बोललो, एक अक्षर जास्त नाही.

पहिला दाब यंत्रानं दिला, थोरल्याच्या बोटावर. पंचवीस ग्रॅम; एखादं मनगटी घड्याळ टेकवावं तसा. त्यानं मन लावून तेवढाच धाकट्याला दिला. धाकट्यानं परत केला. मग थोरल्यानं. मग धाकट्यानं. आठव्या खेपेला थोरल्याचं नख पांढरं पडलं आणि त्यानं हात झटकून मागे घेतला.

"बघितलंस? सूड उगवतोय! मी अगदी तेवढंच देत होतो."

"मी सूड उगवतोय?" धाकटा उसळला. "तेवढंच मी देत होतो. तू हातोडा घालत होतास, दादा!"

अकरा महिन्यांत तो पहिल्यांदा 'दादा' म्हणाला होता. भाचीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

पडद्यावर एक जिना होता. निळी पायरी थोरल्याची, तांबडी धाकट्याची. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा उंच. एकही खाली उतरलेली नव्हती, ना याची, ना त्याची. पंचवीस ग्रॅमवरून निघालेला जोर पावणेचारशेला जाऊन पोचला होता.

"खोटं कुणीच बोलत नाहीये," भाची म्हणाली. "आपण दाबतो तेव्हा मेंदूला आधीच ठाऊक असतं किती जोर येणार. तो त्यातला बराचसा वजा करून टाकतो. म्हणून आपण दिलेलं आपल्याला हलकं वाटतं. दुसऱ्याचं मात्र न सांगता येतं, ते पुरतं लागतं. इथं येणारी बहुतेक माणसं अशीच चढत जातात, मामा."

"लबाडच म्हणायचा की मेंदू," धाकटा पुटपुटला.

"लबाड कसा? आपली पावलं, आपली जीभ, आपल्याच पापण्या, हे सगळं जर सारखं पुरतं जाणवत राहिलं असतं, तर दुसऱ्या कुणी हात लावलेला कळलाच नसता."

थोरल्यानं त्या जिन्याच्या निळ्या पायऱ्या एकेक करून पाहिल्या.

"म्हणजे दुसऱ्याचा हात कळावा," तो हळूच म्हणाला, "म्हणून देवानं आपला आपल्याला हलका करून दिला. आणि आपण..." तो पट्टीकडे वळला. "ठेव रे बोट खाली."

"अजून पोट भरलं नाही का?"

"ठेव म्हणतो ना."

धाकट्यानं बोट ठेवलं आणि दात आवळले. थोरल्यानं श्वास रोखला, कमानीला चिमटा लावताना रोखत असे तसा, आणि बोट टेकवलं.

"दाबलंस?"

"दाबलं."

धाकट्यानं डोळे मिटले. कितीतरी वेळानं म्हणाला, "हां. आहे."

"मोठेमामा, नियम मोडलात तुम्ही," भाची पडद्याकडे बघत म्हणाली. "ही पायरी माझ्या काही कामाची नाही."

"मग खोडून टाक," थोरला म्हणाला. त्यानं बोट मात्र उचललं नाही.

आता उठाल, घरी जाल. जाताना त्या गवंड्याला विसरू नका. बिचारा दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला थापी-ओळंबा घेऊन दुकानाशी आला. आत दोन डोकी एकाच घड्याळावर वाकलेली होती. बाहेर पायरीशी एक लांब फळी आडवी टाकलेली होती, म्हणून तो तिच्यावर टेकला आणि कुणीतरी हाक मारील याची वाट बघत बसला. त्याला सांगायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. त्याची तेवढी आठवण ठेवा.